तीन कड्या कमी

मित्रांनो, मी जमीन मोजायची एक जुनी लोखंडी साखळी आहे, आणि माझे माप खोटे आहे.

हे सुरुवातीलाच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की हिने लपवून ठेवले. खरे तर ही गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, याचीच मला शंका आहे. बरोबर मोजणे हे माझे एकुलते एक काम, आणि तेच मी चुकीचे केले. अशा वस्तूने स्वतःच्या आठवणींवर तरी किती विसंबावे? पण ज्यांनी सांगायला हवे होते, ते सगळे कागदावर सह्या करून मोकळे झाले. म्हणून मी बोलते आहे. चुकले तर सांभाळून घ्या, असे मात्र म्हणणार नाही. चुकले तर पकडा.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका शहरातल्या लोहारशाळेत झाला. लोहाराने बारीक सळईचे वीतभर लांबीचे शंभर तुकडे केले. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना वाटोळे कान वळवले आणि ते छोट्या गोल कड्यांनी एकमेकांत अडकवले. ते शंभर लांब तुकडे म्हणजेच माझ्या शंभर कड्या. दर दहाव्या कडीवर त्याने एक पितळी बिल्ला लावला. पहिल्या बिल्ल्याला एक दात, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. म्हणजे मोजणाऱ्याला सगळ्या कड्या मोजत बसायला नकोत, बिल्ल्याचे दात पाहिले की काम झाले. दोन्ही टोकांना दोन पितळी मुठी. मग त्याने मला जमिनीतल्या दोन खिळ्यांमध्ये ताणून पाहिले आणि म्हणाला, "शंभर. बरोबर."

माझ्या आयुष्यात मला मिळालेली ही सर्वांत खरी शाबासकी.

शेजारच्या ऐरणीवर दुसरा लोहार आणखी साखळ्या बनवत होता. त्या जाड होत्या आणि त्यांच्या टोकांना मुठी नव्हत्या, माणसाच्या घोट्याएवढी कडी होती. लोखंड तेच, भट्टी तीच, आणि जहाजात आम्हाला भरले तेही एकाच तळघरात. प्रवासभर मी त्यांच्याशी बोलले नाही. मी शिकलेली आणि त्या अडाणी, असे मला वाटायचे. आज वाटते, माझा गर्व किती पोकळ होता. त्या साखळ्या एके दिवशी कुलूप काढून फेकून तरी दिल्या गेल्या. मी जमिनीवर आखलेल्या रेषा अजून तिथेच आहेत.

जहाजातून मला उतरवून घेणारा मोजणीदार किडकिडीत, चष्मेवाला, शांत माणूस होता. रोज संध्याकाळी तो मला फडक्याने पुसायचा. मला तो आवडायचा. हे सांगायला लाज वाटते, पण खरे आहे.

मला ओढायला दोन माणसे असत, एक पुढे आणि एक मागे. दोघेही गुलाम होते. पुढचा माझी मूठ धरून चालत जायचा, मी ताणली गेले की "आली!" म्हणून ओरडायचा. मागचा "धर!" म्हणायचा. पुढचा जमिनीत खुंटी रोवायचा आणि पुन्हा चालू लागायचा. आली, धर, आली, धर. दिवसभर हेच. आम्ही मोजत होतो त्या टेकड्यांवर आधी कुणाची तरी घरे होती, कुणाच्या तरी वाटा होत्या. त्या माणसांकडे कागद नव्हता. मी ज्या जमिनीवरून गेले ती संध्याकाळी कागदावर मळेवाल्याची, म्हणजे गुलाम राबवून मोठा मळा पिकवणाऱ्या मालकाची, झाली. तेव्हा माझ्या कड्या पुऱ्या शंभर होत्या. मळेवाल्याची जमीन मी अगदी काटेकोर मोजली.

मग एके दिवशी गुलामी रद्द झाल्याचा हुकूम वाचून दाखवला गेला. मळेवाल्यांचे गुलाम गेले म्हणून सरकारने मळेवाल्यांना भरपाई दिली. हो, बरोबर वाचलेत. ज्यांना विकले होते त्यांना नाही, ज्यांनी विकत घेतले होते त्यांना. सुटलेल्या माणसांना मिळाली ओढ्यापासून वर चढत जाणारी जमिनीची एक पट्टी. कागदावर तिची लांबी लिहिली होती चाळीस साखळ्या.

मोजणीच्या दिवशी सगळे गाव जमले. गाव कसले, नुसत्या झोपड्या. त्यांच्यातली सर्वांत वयस्क म्हातारी पुढे आली. पट्टीच्या वरच्या टोकाला, टेकाडावर, त्यांची पुरण्याची जागा होती. तीन पिढ्यांची माणसे तिथे मातीखाली होती.

"साहेब, आमची माणसं आत येतात ना?" तिने विचारले.

"कुठली माणसं?"

"वर पुरलेली."

मोजणीदाराने कागद पाहिला, टेकाड पाहिले. "येतात की. चाळीस साखळ्या म्हणजे पार टेकाडाच्या पलीकडे. जिवंत, मेलेली, सगळी आत."

तो खोटे बोलत नव्हता. तेव्हा तरी नव्हता.

दुपारी तो झाडाखाली जेवत असताना मळेवाला घोड्यावरून आला. तो खाली उतरलाही नाही.

"टेकाडावरचा सपाट तुकडा मला पाहिजे," तो म्हणाला. "गाड्या वळवायला दुसरी जागा नाही."

"पण कागदावर चाळीस लिहिलंय."

"मग चाळीसच राहू दे की. कागदाला कोण हात लावतंय?"

घोडा निघून गेला. मोजणीदाराने डबा बंद केला, हात धुतले, पिशवीतून पक्कड काढली. चार दातांचा बिल्ला आणि पाच दातांचा बिल्ला यांच्यामधल्या माझ्या दोन गोल कड्या त्याने उघडल्या. त्यांच्यामधल्या तीन लांब कड्या काढल्या. पुन्हा जोड बसवला. तीन कड्या कोटाच्या खिशात टाकल्या.

मोजणी सुरू झाली. मला ओढणारा पुढचा माणूस आता गुलाम नव्हता, रोजाने काम करत होता. चार-पाच खुंट्या रोवून झाल्यावर तो थांबला.

"साहेब, साखळी आज आखडल्यासारखी वाटते."

"उन्हानं आखडते. लोखंड आहे."

मित्रांनो, लोखंड उन्हात वाढते, आखडत नाही. हे तुम्हाला शाळेत शिकवतात. त्याला कुणी शिकवले नव्हते. पण अनेक वर्षे मला ओढून त्याच्या खांद्याला माझी लांबी पाठ झाली होती, म्हणून त्याला पटले नाही. त्याने मागच्याकडे पाहिले. मागच्याने मान हलवली, गप्प राहा अशा अर्थाने. सुटून दोनच महिने झाले होते. साहेबाला उलट विचारले की काय होते, ते दोघांच्याही पाठीला ठाऊक होते.

आणि गाव मोजत होते! मोठमोठ्याने, सगळे मिळून. एक! दोन! तीन! पोरे माझ्यामागून धावत होती. प्रत्येक साखळीबरोबर आरोळी उठत होती. आपली जमीन आपल्या तोंडाने मोजण्याचा तो त्यांचा पहिलाच दिवस. त्यांनी साखळ्या मोजल्या, अगदी न चुकता चाळीस मोजल्या. कड्या मोजायच्या असतात हे कुणाच्या मनातही आले नाही. का यावे? सरकारची साखळी होती.

एका साखळीत तीन कड्या कमी, म्हणजे चाळीस साखळ्यांत एकशेवीस कड्या कमी. चाळिसावी खुंटी पडली ती टेकाडाच्या अलीकडे. तिथेच हद्दीचा दगड पुरला. पुरलेली सगळी माणसे दगडाच्या पलीकडे राहिली. दगड आणि टेकाडाची पलीकडची कड यांत अंतर होते तीस पावलांचे.

"साहेब, आमची माणसं बाहेर राहिली की," म्हातारी म्हणाली.

"मोजली ना तुमच्यासमोर? तुम्हीच मोजलीत. किती झाल्या?"

"चाळीस."

"मग?"

"चाळीस झाल्या खऱ्या," ती म्हणाली आणि दगडाजवळ खाली बसली. आपलेच काहीतरी चुकले असणार, असा तिचा चेहरा झाला होता. तो चेहरा मी करवला.

मळेवाल्याने पुढे मेहेरबानी केली. "पुरा तिथं तुमची माणसं, मी काही बोलणार नाही," म्हणाला. जे त्यांचे होते ते त्यांना उपकार म्हणून वापरायला मिळाले. पिढ्यान् पिढ्या ती माणसे आपल्याच जमिनीत परवानगीने पुरली गेली.

तो हंगाम संपेपर्यंत मोजणीदाराने मला तशीच फिरवली. मग नवी पोलादी टेप आली आणि मी कचेरीतल्या एका खिळ्यावर लटकले. गंज चढला. परके राज्यकर्ते गेले, आपले आले. भिंतींचा रंग बदलला, खुर्च्या बदलल्या, खुर्च्यांवरची माणसे बदलली. खिळा तोच राहिला. आपल्या माणसांचे राज्य आले तेव्हा मला वाटले, आता कुणीतरी मला खाली काढून मोजेल. कुणी काढले नाही. कदाचित मीच फार अपेक्षा करत असेन.

शेवटी एकदाची काढली ती शोभेसाठी. सरकारने एक आयोग नेमला. गुलामी आणि परकी राजवट यांच्यामुळे झालेले अन्याय दूर करायचे, हे त्याचे काम. आयोगाच्या इमारतीत पुढच्या दालनात जुन्या वस्तू मांडायच्या होत्या. मला रॉकेलमध्ये बुडवून गंज काढला, तेल लावले, निळ्या मखमलीवर वेटोळे न करता लांब, नागमोडी पसरवले. वर काच, काचेवर दिवा. शेजारी कार्ड: 'मोजणीची साखळी. शंभर कड्या. हात लावू नये.'

एवढी काळजी माझी आयुष्यात कुणी घेतली नव्हती. आठवड्यातून एकदा हवेतला ओलावा तपासायचे. माझा ताबा असलेला संग्रहपाल तर माझ्याजवळून जाताना चप्पलही हळू वाजवायचा.

उद्घाटनाला मंत्री आले. माझ्या काचेजवळ उभे राहून म्हणाले, "जे घडलं त्याबद्दल या सरकारला मनापासून खेद वाटतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या, काहींनी डोळे पुसले. मलाही क्षणभर खरे वाटले. मग दुसऱ्या आठवड्यात नियम छापून आले. ज्याला जमीन परत हवी त्याने जुना कागद दाखवावा आणि हद्दीचा दगडही दाखवावा. कागद आणि दगड यांचे माप जुळले पाहिजे. न जुळल्यास अर्ज फेटाळला जाईल. म्हणजे खेद सरकारला वाटणार आणि पुरावा मात्र त्यांनी आणायचा. चोरी ज्या कचेरीतून झाली त्या कचेरीचे सगळे कागद, सगळ्या वस्तू सरकारच्या कपाटात. आणि शोधायचे कुणी, तर ज्यांच्याकडे कधी कपाटच नव्हते त्यांनी.

मी हे रागाने बोलते आहे. रागाने बोलू नये असे म्हणतात. पण शांतपणे बोलणाऱ्या त्या मोजणीदाराचे मी काय पाहिले ते तुम्हाला सांगितलेच आहे.

एके दिवशी त्या ओढ्याकाठच्या गावाची सुनावणी लागली. गावाच्या वतीने आली होती कपडे शिवणारी एक बाई. गळ्यात कायम मोजायची टेप, म्हणून सगळे तिला टेपकाकू म्हणत. सोबत तिचा दीर. मळा आता एका कंपनीचा झाला होता. कंपनीने टेकाडाला तारेचे कुंपण घातले होते आणि तिथे मालाचे गोदाम बांधायचे ठरवले होते. पुढच्या महिन्यात खोदाईचे यंत्र येणार होते. टेपकाकूचा नवरा आणि आई, दोघेही त्या कुंपणाच्या आत मातीखाली होते. कुंपण पडल्यापासून तिला आत जाता आले नव्हते.

सुनावणीची खोली माझ्या दालनाला लागूनच होती. दार उघडे असायचे. मला सगळे ऐकू येत होते.

"आयोगानं नव्या यंत्रानं मोजून घेतलं आहे," कंपनीचा वकील म्हणाला. "ओढ्यापासून दगडापर्यंत चाळीस साखळ्या भरत नाहीत. कमी भरतात. म्हणजे एक तर यांचा कागद चुकीचा, नाहीतर यांच्या पूर्वजांनी दगड हलवला."

"दगड आत सरकवून स्वतःचीच जमीन कमी केली म्हणता?" दीर म्हणाला. "वा! आमचे आजोबा भलतेच उदार होते मग. वकीलसाहेब, तुमच्या घरात कुणी असं केलंय का कधी?"

"लोक काहीही करतात."

"लोक नाही करत असं. फार तर वकील करत असतील, फी वाढवून मिळाली तर."

"विषयावर राहा," आयोगाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या. त्या पूर्वी न्यायाधीश होत्या. आवाज चढवत नसत, हसतही नसत. "नियमाप्रमाणे माप जुळलं पाहिजे. जुळत नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर निर्णय देईन."

सुट्टीत टेपकाकू माझ्या दालनात आली. डबा तिने उघडला नाही. ती माझ्या काचेसमोर उभी राहिली आणि खाली वाकली. आयुष्यभर कापड मोजणाऱ्या बाईची नजर मापावर गेली की तिथेच अडकते. तिचे ओठ हलू लागले.

"काचेपासून लांब," संग्रहपाल म्हणाला.

"हात नाही लावत हो. बघतेय नुसती."

"बघा, पण लांबून."

"लांबून मोजता येत नाही." ती पुन्हा मोजू लागली. "चार दातांचा बिल्ला. एक, दोन, तीन... सात. मग लगेच पाच दातांचा." ती सरळ झाली. "दादा, इथं सातच आहेत."

"काय सातच?"

"कड्या. दुसरीकडं सगळीकडं दहा-दहा आहेत. इथं सात."

"शंभर आहेत बाई. कार्डावर लिहिलंय."

"कार्ड मीही वाचलं. मोजलं कुणी?"

"खात्यानं मोजलंय."

"खात्याला बोटं आहेत का?"

संग्रहपाल चिडला. त्याने खिशातून चष्मा काढला, तिला खोटे पाडायलाच वाकला, आणि वाकलेलाच राहिला. दीडशे वर्षांहून जास्त काळ मी या क्षणाची वाट पाहत होते. मला वाटले होते मला आनंद होईल. मला फक्त शरम वाटली. एवढेच करायचे होते, मित्रांनो. एक ते सात मोजायचे होते.

सुट्टी संपली तेव्हा टेपकाकूने हे अध्यक्षबाईंना सांगितले. वकील लगेच उठला.

"कड्या नंतर कधीही पडल्या असतील. जुनी वस्तू आहे. मोजणीच्या दिवशी कमी होत्या याला पुरावा काय?"

"हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"मग टाकून बघा ना," टेपकाकू म्हणाली.

"काय?"

"हीच साखळी. ओढ्यापासून चाळीस वेळा टाका. सत्त्याण्णव कड्यांची साखळी चाळीस वेळा टाकून नेमकी दगडावर आली, तर त्या दिवशीही सत्त्याण्णवच होत्या. दगड तर कुणी हलवला नाही ना आता? कुंपणात घट्ट बसलाय."

संग्रहपाल पुढे आला. "ते शक्य नाही. ही वस्तू बाहेर काढता येणार नाही. आतून झिजलीय, ओढली तर तुटेल. हा ठेवा आहे."

"तुटू दे की."

"बाई, ही तुटली तर पुन्हा मिळायची नाही!"

"आणि माझी माणसं?" टेपकाकूचा आवाज पहिल्यांदा चढला. "यंत्र लागल्यावर ती मिळणार आहेत का? तुम्ही या लोखंडाखाली मखमल घातलीय. माझ्या आईच्या अंगावर ते पत्र्याचं गोदाम घालणार आहेत. आणि तुम्ही मला सांगता, ही जपायची वस्तू आहे?"

"वहिनी, बस," दीर हळूच म्हणाला.

"मी नाही बसणार. आमची एक म्हातारी बसली होती तिथं, आजवर उठलेली नाही."

अध्यक्षबाईंनी बराच वेळ कागदावर काही लिहिले. मग म्हणाल्या, "उद्या सकाळी आठ वाजता. जागेवर. साखळी घेऊन या."

दुसऱ्या दिवशी संग्रहपालाने हातमोजे घालून मला गाडीत ठेवले. तो माझ्याकडे पाहत नव्हता. ओढ्याकाठी दिराने माझी पुढची मूठ धरली, मागची टेपकाकूने. कंपनीची माणसे कुंपणाजवळ हाताची घडी घालून उभी होती. गावही जमले होते, पण या वेळी कुणी मोठ्याने मोजले नाही. आयोगाचा कारकून प्रत्येक खुंटीला वहीत रेघ मारत होता, तेवढाच आवाज.

सतराव्या वेळी माझी एक गोल कडी उघडली आणि मी मधोमध सुटले. संग्रहपाल ओरडलाच. वकील म्हणाला, "झालं! थांबवा आता." संग्रहपाल गुडघ्यांवर बसला. त्याला मोजे घालून कडी धरता येईना. त्याने मोजा काढून फेकला, माझी दोन टोके पुन्हा अडकवली, पक्कड मागितली आणि कडी दाबून बंद केली. मग वकिलाकडे न पाहता म्हणाला, "लांबीत फरक पडलेला नाही. चालू द्या." त्या माणसाबद्दल मी वाईट बोलले आहे. ते सगळेच मागे घेत नाही, पण हे सांगायला हवे.

अडतीस. एकोणचाळीस. चाळीस.

माझी मूठ दगडापाशी आली, आणि दगडाच्या वीतभर पुढे गेली.

"नाही आली!" वकील ओरडला. "नोंद करा. वीतभर पुढं आहे. नेमकी आलेली नाही."

टेपकाकूने गळ्यातली टेप काढली आणि अध्यक्षबाईंच्या हातात दिली. "ही माझी बारा वर्षांची टेप. नवीन टेपेला लावून बघा, अर्धं बोट लांब भरेल. ओढून ओढून वाढते. वापरलेलं माप वाढतं, बाई, आखडत नाही. कुठल्याही शिवणाऱ्याला विचारा. ही साखळी त्यानंतर किती ओढली असेल? चाळीस वेळांत वीतभर वाढली." मग तिने कुंपणापलीकडे बोट केले. "आणि शंभर कड्यांची असती तर कुठं गेली असती? ते बघा, टेकाडाच्या त्या कडेला. इथून तीस पावलं. वकीलसाहेब, एकीकडं वीत आणि एकीकडं तीस पावलं. तुम्हाला ज्यात जास्त अडचण वाटते ते लिहून घ्या."

गावातले कुणीतरी हसले. वकील हसला नाही. अध्यक्षबाईंनी टेप परत दिली, दगडाजवळ गेल्या, माझ्या मुठीकडे आणि दगडाकडे पाहिले. तिथेच उभ्या राहून त्यांनी हुकूम सांगितला: दगड एकशेवीस कड्या वर सरकवावा, टेकाड गावाचे आहे, कुंपण आजच निघावे.

तार कापायला दुपार झाली. टेपकाकू आत गेली. दोन उंचवटे तिने ओळखले. ती रडली वगैरे नाही. खाली बसली आणि गवत उपटायला लागली. दीर म्हणाला, "वहिनी, विळा आणतो." ती म्हणाली, "राहू दे. हातानंच होतंय."

इथे गोष्ट संपवली असती तर तुम्हाला बरे वाटले असते. मलाही.

तीन आठवड्यांनी मी पुन्हा काचेखाली होते. मखमल नवी होती. कार्डही नवे: 'मोजणीची साखळी. सत्त्याण्णव कड्या.' समारंभ झाला. मंत्री आले, पुन्हा खेद वाटला, पुन्हा टाळ्या पडल्या. टेपकाकूला व्यासपीठावर बोलावून फुलांचा गुच्छ दिला. तिने तो खुर्चीवर ठेवला आणि विचारले, "या साखळीनं त्या वर्षी अजून किती गावं मोजली?"

मंत्र्यांनी अध्यक्षबाईंकडे पाहिले, अध्यक्षबाईंनी कारकुनाकडे. कारकून आत जाऊन जुनी वही घेऊन आला. "आणखी अठरा," तो म्हणाला.

"मग त्यांचं काय?"

"त्यांनी अर्ज करावा," मंत्री म्हणाले. "दार उघडं आहे. अर्जाचा छापील नमुनाही आहे."

"त्यांना कुठं माहीत आहे काय गेलं ते? त्यांच्या आजी-आजोबांनी चाळीस मोजल्या आणि गप्प बसले. तुम्हाला माहीत आहे. मग अर्ज तुम्ही करा."

मंत्री हसले. त्यांना वाटले बाई विनोदी आहे. "अहो, सरकार कुणाकडे अर्ज करणार?"

"त्यांच्याकडं. त्यांच्या दारात जाऊन. म्हणा, आमच्याकडं तुमची एवढी जमीन निघतेय, ही आमची वही, ही आमची साखळी, तुम्हाला कधी वेळ आहे मोजायला?"

सभागृहात हशा पिकला. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्या टेपकाकूकडे पाहत राहिल्या, आणि मग त्यांनी मान खाली घातली. पुढच्या आठवड्यात माझ्या फाइलवर एक शेरा आला: 'वस्तू अतिशय नाजूक झाली आहे. यापुढे कोणत्याही कारणासाठी बाहेर काढू नये.'

मी नाजूक नाही, मित्रांनो. सतराव्या वेळी सुटले, आणि पक्कडीच्या एका दाबात पुन्हा जोडले गेले. अठरा गावे चालण्याइतकी मी अजून आहे. नसेन तर वाटेत तुटेन, त्यात काय बिघडले? माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपल्या गोष्टीच्या शेवटी तुम्हाला विनवतात की आम्हाला सांभाळा, आम्हाला पुसा, आम्हाला टाकून देऊ नका. मला तसे काही मागायचे नाही. मला पुसू नका. माझ्याकडे पाहून हळहळू नका. त्या दालनात तुम्ही शाळेच्या सहलीबरोबर याल, तेव्हा कार्ड वहीत उतरवून घेऊ नका. संग्रहपालाला सांगा, काच उघडा. तो नाही म्हणेल, शेरा दाखवेल. शेऱ्याखाली कुणाची सही आहे ते वाचा आणि त्या माणसाच्या खोलीत जा. तोही नाही म्हणेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.